हाक छोटी, नाव मोठं



हल्ली बारसं जवळ आलं की घराघरांत एक वाद ठरलेला असतो. बाळाच्या आईला मुलाचं नाव छोटं हवं असतं. एका दमात म्हणून होईल असं. वीर, ओम, नील, जय, नेम. ते ऐकून आजीचा चेहरा पडतो. "हे नाव झालं की अर्धं नाव झालं?" असं ती विचारते. तिच्या सासऱ्यांचं नाव आदगोंडा, नवऱ्याचं पार्श्वनाथ, मुलाचं अभिनंदन, आणि आता पाळण्यात नुसता 'नील'! तिला वाटतं, पिढीगणिक नाव झिजत चाललंय आणि नावाबरोबर धर्मही.

गेल्या वर्षभरात आमच्या नात्यात चार बारशी झाली. चारही घरांतून मला फोन आले, सासूचा वेगळा आणि सुनेचा वेगळा. प्रश्न एकच. "तुझं वाचन आहे, तूच सांग, मुलाला एवढंसं नाव ठेवलेलं चालतं का?" फोनवर दोन वाक्यांत सांगण्यासारखा हा विषय नव्हे. म्हणून आज सविस्तर लिहिते आहे. कूकर लावून निवांत वाचा.

आधी एक साधा हिशेब करू. 'वीर' या नावात अक्षरं किती? पाटीवर लिहिलं तर दोन, वी आणि र. पण हाक मारताना आपण शेवटचा 'र' पूर्ण म्हणत नाही, नाव एकाच ठोक्यात संपतं. मराठीची ही सवयच आहे, शब्दाच्या शेवटचा अकार ती गिळते. संस्कृत-प्राकृतात तसं नसतं. भक्तामर म्हणताना शेवटचा अकार गिळला की चाल मोडते, हे तुम्हा सगळ्यांना जिभेनेच माहीत आहे. म्हणजे आज जी नावं एका ठोक्याची वाटतात, ती पोथीत दोन अक्षरांचीच आहेत.

हे सांगण्याचं कारण असं की काही घरांत 'मुलाचं नाव सम अक्षरांचं हवं, मुलीचं विषम' असा आग्रह असतो. हा नियम जुना आहे. पारस्कर गृह्यसूत्रात मुलाचं नाव दोन किंवा चार अक्षरांचं ठेवावं असं सांगितलंय. ती वैदिक परंपरा आहे, आपली नाही. पण शेजारच्या चालीरीती आपल्याही उंबऱ्याच्या आत येतातच. ज्यांना हा नियम पाळायचा असेल त्यांनाही 'वीर', 'नेम', 'जय' ही नावं चालतात. लिहिताना दोन, बोलताना एक.

मग आपल्या परंपरेत नाव कसं ठेवायचं सांगितलंय? नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, आचार्य जिनसेनांनी आदिपुराण लिहिलं. त्याच्या अडतिसाव्या पर्वात गर्भापासूनच्या क्रिया एकेक करून दिल्या आहेत. त्यात एक नामकर्म. जन्मापासून बारा दिवस झाल्यावर नाव ठेवावं, आणि ते जिनेंद्रांच्या १००८ नावांमधून घ्यावं असं तिथे म्हटलंय. कसं घ्यावं, तेही सांगितलंय. त्याला घटपत्रविधी म्हणतात. नावांच्या चिठ्ठ्या करायच्या, घटात घालायच्या आणि त्यातून एक काढायची. जे येईल ते बाळाचं नाव.

मला हा विधी फार आवडतो. हजारभर वर्षांपूर्वीही नावावरून घरात रुसवेफुगवे होत असतील, हे आचार्यांना ठाऊक असावं असं वाटतं! नाव आईच्या हट्टाचं नाही, आजीच्या हट्टाचं नाही, आत्याच्याही नाही. घटातून निघेल ते. आणि त्या घटात काय काय आहे बघा. आदिपुराणाच्याच पंचविसाव्या पर्वात ही १००८ नावं दिली आहेत, जी आपण जिनसहस्रनाम म्हणून म्हणतो. त्यात विश्वतश्चक्षु यासारखी लांब नावं आहेत, आणि वृषभ, शंभु, प्रभु, अक्षर अशी आटोपशीरही आहेत. लांब नाव जास्त पुण्याचं आणि छोटं कमी, असा भेद तिथे कुठेच नाही. सगळी एकाच घटात, एकाच भगवंताची.

आता भगवान महावीरांचंच पाहू. श्वेतांबर परंपरेतल्या कल्पसूत्रात आईवडिलांनी ठेवलेलं नाव वर्धमान आहे. बाळ पोटात आल्यापासून घरातलं धनधान्य, मानसन्मान वाढत गेला, म्हणून वर्धमान. आपल्या दिगंबर परंपरेत त्यांची पाच नावं सांगतात. वीर, वर्धमान, सन्मती, महावीर, अतिवीर. गुणभद्राचार्यांच्या उत्तरपुराणाप्रमाणे मेरूवर जन्माभिषेक झाल्यावर इंद्राने जी दोन नावं ठेवली, ती वीर आणि वर्धमान. सन्मती हे नाव पुढे मिळालं. संजय आणि विजय या चारणमुनींच्या मनातली शंका बाळाच्या नुसत्या दर्शनाने फिटली, तेव्हा. संगम देव सापाचं रूप घेऊन आला आणि बाळ डगमगलं नाही, तेव्हा महावीर.

क्रम लक्षात घ्या. 'वीर' हे महावीरचं छोटं केलेलं रूप नाही. वीर आधी, महावीर नंतर. 'महा' हे पुढे आयुष्याने जोडलं. म्हणून एखादी आजी मला म्हणते, "महावीर ठेवायचं सोडून नुसतं वीर काय ठेवता?" तेव्हा मी तिला हेच सांगते. आज्जी, पाळण्यात वीरच ठेवायचं असतं. महा व्हायचं काम त्याच्यावर सोडायचं.

छोटेपणाचा सर्वांत मोठा दाखला मात्र आपल्या रोजच्या जपात आहे. णमोकार मंत्राची अक्षरं मोजलीत कधी? पाच पदांची सात, पाच, सात, सात आणि नऊ. एकूण ३५. आचार्य नेमिचंद्रांचा द्रव्यसंग्रह हा अवघ्या ५८ गाथांचा ग्रंथ पाठशाळेत आपल्यापैकी अनेकींनी पाठ केला असेल. त्याच्या शेवटी शेवटी एका गाथेत परमेष्ठींच्या जपाचे मंत्र किती किती अक्षरांचे आहेत ते सांगितलंय. पस्तीस, सोळा, सहा, पाच, चार, दोन आणि एक. पस्तीस म्हणजे पूर्ण णमोकार. सोळा म्हणजे पाचही परमेष्ठींची नुसती नावं. सहा म्हणजे अरिहंत-सिद्ध. पाच म्हणजे प्रत्येकाचं पहिलं अक्षर, अ-सि-आ-उ-सा. चार म्हणजे अरिहंत. दोन म्हणजे सिद्ध. आणि एक म्हणजे ॐ.

हा ॐ आपल्याकडे कसा होतो तेही माहीत असू द्या, कारण 'ओम हे नाव आपलं नव्हेच' असं म्हणणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत. अरिहंतांचा अ, अशरीरी म्हणजे सिद्धांचा अ, आचार्यांचा आ, उपाध्यायांचा उ आणि मुनींचा म्. अ, अ आणि आ मिळून आ. आ आणि उ मिळून ओ. त्यावर म्. झाला ओम्. पाच परमेष्ठी एका ठोक्यात.

मला जे म्हणायचंय ते या शिडीत आहे. आपल्या आचार्यांनी पस्तिसाचं एक केलं, पण ते कापून टाकून नाही, घडी घालून. नऊवारीची घडी केली म्हणून लुगडं लहान होत नाही. उलगडलं की पुरं नऊ वार. ॐ उलगडला की पाचही परमेष्ठी बाहेर येतात. छोट्या नावाची कसोटी मला हीच वाटते. नाव किती अक्षरांचं आहे हे बघूच नका. ते उलगडता येतं का, आणि उलगडल्यावर आत काही निघतं का, ते बघा. आत काही नसेल तर सात अक्षरांचं नावही रिकामंच.

आपल्या पंडितांनीही हे केलंय. सर्वार्थसिद्धी लिहिणारे पूज्यपाद आपल्याला माहीत आहेत. त्यांचं दीक्षेचं नाव देवनंदी. श्रवणबेळगोळच्या शिलालेखात सांगितलंय की थोर बुद्धीमुळे त्यांना जिनेंद्रबुद्धी म्हणत आणि देवतांनी पाय पूजले म्हणून पूज्यपाद. एवढी तीन भारदस्त नावं असताना जिनसेनांनी आदिपुराणात त्यांना वंदन केलंय ते नुसतं 'देव' म्हणून! देवनंदीतलं 'देव'. सत्यभामेला भामा म्हणावं, भीमसेनाला भीम म्हणावं, तसं. नावाचा एक तुकडा उच्चारला तरी पूर्ण माणूस समजतो, हे आपल्याकडे फार जुनं आहे.

या पूज्यपादांनी स्वतः एक व्याकरण लिहिलं, जैनेंद्र व्याकरण. त्यात त्यांनी लांबलचक शब्दांना एकेका अक्षराची नावं दिली. समासाला 'स', धातूला 'धु', बहुव्रीहीला 'ब', अव्ययीभावाला 'ह'. शाळेत समास शिकताना आपण केवढ्या कंटाळलो होतो आठवा, आणि इथे एकेका अक्षरात काम! व्याकरण लिहिणाऱ्यांबद्दल जुनी गंमत सांगतात, की सूत्रातली अर्धी मात्रा जरी वाचली तरी त्यांना घरी मुलगा झाल्याएवढा आनंद होतो. मुलगा झाल्यावर मात्रा वाचवणाऱ्या आजच्या आया या पंडितांच्याच वंशातल्या म्हणायच्या.

आता एक घरगुती नाव बघा, जे डोंगराएवढं झालं. श्रवणबेळगोळची बाहुबलींची मूर्ती गंग राजांचा सेनापती-मंत्री चामुंडराय याने ९८१ च्या सुमारास घडवली. मूर्तीच्या पायाशी मराठीतला लेख आहे, चामुंडरायाने हे करवून घेतल्याचा. मराठीतल्या अगदी जुन्या लेखांमध्ये तो गणला जातो, आणि तो आपल्या बाहुबलींच्या पायाशी आहे याचा मला फार अभिमान वाटतो. पण या मूर्तीला गोमटेश्वर का म्हणतात? आपल्याच भागातले थोर संशोधक डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी दाखवलं की 'गोम्मट' हे चामुंडरायाचं घरातलं, लाडाचं नाव होतं, आणि मराठीतल्या 'गोमटा' म्हणजे सुंदर या शब्दाशी त्याचं नातं आहे. गोम्मटाचा ईश्वर तो गोम्मटेश्वर. त्याच्यासाठी आचार्य नेमिचंद्र सिद्धांतचक्रवर्तींनी लिहिलेला ग्रंथ तो गोम्मटसार. कुठल्या तरी आईने लाडाने 'गोमटा माझा' म्हणून हाक मारली असेल. ती हाक हजार वर्षं टिकली, आणि 'समरधुरंधर'सारख्या त्याच्या भारी भारी पदव्या पुस्तकात राहिल्या.

उपाध्यांचं स्वतःचं नावही बघण्यासारखं आहे. १९०६ साली बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याला जन्मलेले आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये. मुलगा पहिला तीर्थंकर, वडील बाविसावे! एकाच माणसाच्या नावात अर्धी चोवीसी. आपल्या आजी ज्या नावांसाठी हळहळते, ती अशी.

पण तिच्या आधीच्या पिढीतली नावं तर याहून वेगळी होती. कोल्हापूर, सांगली, बेळगाव या आपल्या पट्ट्यात आदगोंडा, नेमगोंडा, जिनगोंडा, सातगोंडा, पायगोंडा अशी नावं घरोघर होती. आचार्य शांतिसागर महाराजांचं गृहस्थ नाव सातगोंडा, त्यांच्या वडिलांचं भीमगोंडा. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या वडिलांचं नाव पायगोंडा. हा 'गोंडा' म्हणजे कानडी गौडा, गावचा पाटील. तसंच जिनाप्पा, नेमाण्णा यांतले अप्पा आणि अण्णा कानडीतले, वडील आणि थोरला भाऊ. आणि पारिसा म्हणजे आपले पार्श्वनाथ.

म्हणजे काय केलं होतं आपल्या पणज्यांनी? भगवंताच्या नावाचा पहिला तुकडा घेतला, आद, नेम, जिन, आणि त्याला घरातलं, गावातलं शेपूट लावलं. नाव पूजेतलंही राहिलं आणि चुलीपाशी हाक मारण्याजोगंही झालं. पुढे शाळा आल्या, हजेरीपट आले, धर्माच्या पुस्तकांचा प्रसार झाला. १८९९ मध्ये दक्षिण भारत जैन सभेचं काम सुरू झालं, बोर्डिंगं निघाली, मुलं शिकली. शिकलेल्या घरांतून गोंडा-अप्पा गळत गेले आणि आदिनाथ, शांतिनाथ, पार्श्वनाथ अशी पूर्ण नावं आली. तेव्हाही कुणी तरी म्हातारी कुरकुरली असेलच. "आदगोंडा ठेवायचं सोडून हे काय देवळातलं नाव घरात आणलं?" ज्याला आज आपण परंपरेतलं नाव म्हणतो, तेही एके काळी नवंच होतं. आणि आता नातसून गोंडाही नको म्हणते, नाथही नको म्हणते. नुसतं 'नेम' म्हणते. तुकडा तोच आहे, मैत्रिणींनो. पणजीने उचललेलाच.

आता काही छोटी नावं उलगडून बघू, म्हणजे बारशाला उपयोगी पडतील.

नील. आजीला हे नाव परदेशी वाटतं. पण आपण निर्वाणकांड म्हणतो, त्यात तुंगीगिरीवरून मोक्षाला गेलेल्यांची नावं येतात. राम, हनुमान, सुग्रीव, गवय, गवाक्ष, नील, महानील. हे तुंगीगिरी म्हणजे आपलं नाशिक जिल्ह्यातलं मांगीतुंगी. आपल्या पुराणांप्रमाणे राम हे आठवे बलभद्र, त्यांचं दुसरं नाव पद्म. म्हणजे नील आणि राम ही दोन्ही एका ठोक्याची नावं सिद्धक्षेत्राची आहेत, आणि तेही महाराष्ट्रातल्या. नातवाला घेऊन मांगीतुंगीला जा आणि पायऱ्या चढताना त्याला सांगा, हा तुझ्या नावाचा डोंगर.

जय. हस्तिनापूरचा जयकुमार, भरत चक्रवर्तींचा सेनापती, सुलोचनेचा पती. पुढे सगळं सोडून भगवान ऋषभदेवांचा गणधर झाला. त्याचे वडील सोमप्रभ. त्या सोमप्रभांच्या धाकट्या भावाने, श्रेयांसाने, भगवंतांना उसाच्या रसाचा पहिला आहार दिला. आपण उसाच्या मुलखातल्या बायका. अक्षय्य तृतीयेला रस गाळताना सोम आणि जय या दोन्ही नावांची गोष्ट घरबसल्या सांगता येते.

नेम. भगवान नेमिनाथ. मराठीत नेम म्हणजे व्रतही, 'नेमधर्म' म्हणतो तो. लग्नाच्या मांडवाकडे जाताना कोंडलेल्या मुक्या जनावरांचा आक्रोश ऐकून रथ फिरवणाऱ्या तीर्थंकरांचं नाव याहून चांगलं कसं असेल? संस्कृतात नेमि म्हणजे चाकाचा घेर. श्वेतांबर परंपरेत सांगतात की मातेने स्वप्नात रिष्ट रत्नाच्या चाकाचा घेर पाहिला, म्हणून अरिष्टनेमी.

आणि चोवीस तीर्थंकरांत सर्वांत छोटं नाव कुणाचं? अठरावे, अरनाथ. नुसतं 'अर'. अर म्हणजे चाकाचा आरा. बैलगाडीच्या चाकाला आपण आरे म्हणतो ना, तोच शब्द. इथेही मातेने रत्नांचा आरा स्वप्नात पाहिला अशी कथा आहे. ते तीर्थंकर होते आणि चक्रवर्तीही. एकाच्या आईने आरा पाहिला, दुसऱ्याच्या आईने घेर. दोघांचं मिळून धर्मचक्र होतं. 'अर' नाव ठेवा असा आग्रह मात्र मी करणार नाही. आमच्या कोल्हापूर भागात "अरं" म्हणून कुणालाही हाक मारतात. गल्लीतून दहा पोरं धावत येतील.

लव. रविषेणाचार्यांच्या पद्मपुराणात सीतेच्या मुलांची नावं अनंगलवण आणि मदनांकुश अशी आहेत. लव-कुश ही त्यांचीच छोटी रूपं आपण घराघरांत वापरतो. बघा, घडी आहे. उलगडली की पूर्ण नाव.

आता आजीची खरी भीती. ती मला एकीने फार चांगल्या शब्दांत सांगितली. "नाव छोटं आहे याचं मला काही नाही गं. पण भगवंताचं नाव, आणि पोरगं दंगा करायला लागलं की आई त्याच नावाने खेकसणार. ओम्या म्हणणार. तो अविनय नव्हे का?" या प्रश्नाला हसू नका. छोट्या नावाची गंमत अशी की ते छोटं राहतच नाही. मराठी माणूस त्याला 'या' लावतो नाही तर 'ऊ' लावतो. ओमचा ओम्या, नीलचा नील्या, जयचा जयू. आदिनाथाचं असं करायला जीभ धजत नाही, ओमचं सहज होतं.

यावर माझं उत्तर दोन प्रकारचं आहे. ॐ हा मंत्र आहे, जपात आणि पूजेत तो आहे. ज्या घरात हाक जपून मारली जाईल त्या घराने तो ठेवावा, नाही तर वीर, जय, नील, सोम अशी माणसांच्या चरित्रातून आलेली नावं घ्यावीत. आणि दुसरं, लाडाने मोडलेलं नाव अविनय नव्हे. गोम्मट आठवा. रागाने मोडलेलं नाव मात्र कुणाचंच असू नये, मग ते ओम असो की बंडू. नावाचा मान आपल्या तोंडावर आहे, अक्षरांवर नाही. ज्या आईने बाळाचं नाव ओम ठेवलं, तिच्यावर जन्मभराचा एक नेमच आला, की या नावाने शिवी म्हणून नाही द्यायची. वाईट नेम नाही तो.

शेवटचा मुद्दा सर्वांत नाजूक आहे. नाव कोणी ठेवायचं? आपल्याकडे कानात कुर्र करायचा मान आत्याचा. सुचवायचा हक्क सगळ्यांचा. आणि ठरवताना बाळाच्या आईला बहुतेक वेळा सगळ्यांत शेवटी विचारतात. आमच्या एका चुलत सासूबाईंनी अशाच एका वादात, सगळे तावातावाने बोलत असताना, घुगऱ्या निवडता निवडता म्हटलं, "माझं माहेरचं नाव लग्नात बदललं. तांदळात नवं नाव लिहिलं आणि मला वाचायला सांगितलं. मला कुणी विचारलं नव्हतं. आता या पोरीला तरी विचारा." खोलीत एकदम शांतता झाली. वय ऐंशीच्या पुढे, आणि त्या लग्नापासून ती गोष्ट मनात होती. सुनेने निवडलेलं 'नेम' हे नाव त्या दिवशी कुणीही मोडलं नाही.

आपल्या धर्मात आईचं नाव मुलाच्या नावाला जोडण्याची रीत जुनीच आहे. भगवंतांना आपण त्रिशलानंदन म्हणतो, वामानंदन म्हणतो, मरुदेवीनंदन म्हणतो. तीर्थंकरांना आईच्या नावाने ओळखताना आपल्याला कधी कमीपणा वाटला नाही. आता सरकारनेही तेच केलंय. महाराष्ट्रात १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम आहे. छोट्या नावाला म्हणूनही घाबरायला नको. 'वीर' एकटा राहत नाही, त्याच्या पाठीशी आईचं नाव लगेच उभं असतं. चार नावं एका ओळीत लिहायची म्हटल्यावर पहिलं छोटं असलं तर उलट बरंच.

आणि घाई करू नका. नाव ठरत नाही म्हणून घरात भांडणं नकोत. जन्मनोंद नावाशिवायही होते. नोंदणीनंतर १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं आणि त्यानंतरही १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. पण एकदा घातलेलं नाव बदलणं कटकटीचं असतं. म्हणून बारशाला कानात सांगा, महिनाभर हाक मारून बघा, मग दाखल्यावर घाला. 'ओम' ठेवणार असाल तर कागदावर चिन्ह न काढता अक्षरांत लिहा. इंग्रजी स्पेलिंग एकदाच ठरवा आणि सगळीकडे तेच ठेवा, कारण वीरचं स्पेलिंग प्रत्येक कारकून आपापल्या मनाने करतो.

ज्या घरात अजून एकमत होत नसेल, त्यांनी सरळ जिनसेनाचार्यांचं ऐकावं. सासूने तिच्या आवडीची पाच नावं लिहावीत, सुनेने पाच, आत्याने पाच. अट एवढीच, की प्रत्येकीने आपल्या नावाची गोष्ट आधी सगळ्यांना सांगायची. ज्या नावाची गोष्ट सांगता येणार नाही ती चिठ्ठी बाजूला. उरलेल्या स्वच्छ तांब्यात घाला, णमोकार म्हणा आणि घरातल्या एखाद्या लहान मुलीला एक काढायला सांगा. आमच्याकडे पुढचं बारसं पौषात आहे. तांबा घासून ठेवलाय.

तुमच्या घरातली जुनी नावं, गोंडा, अप्पा, चंद, सगळी, एका वहीत उतरवून ठेवा. त्यातूनच एखादा तुकडा कुणा नातसुनेला आवडेल.

जय जिनेंद्र.